माप एकच हवे : विद्यापीठांतील बोलणे, द्वेष आणि नियम

१८ एप्रिल २०२४ ही तारीख चळवळीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लिहून ठेवावी अशी आहे. त्या दिवशी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, रामदास के. एस. या दलित पीएच.डी. संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि संस्थेच्या सर्व आवारांत त्याला बंदी घातली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोलीस शिरले. गाझातील युद्धाविरोधात हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या शंभराहून अधिक आंदोलकांना त्यांनी अटक केली. हे तेच कोलंबिया, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले.

रामदासवर आरोप काय होते? जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी संघटनांनी दिल्लीत संसदेवर मोर्चा काढला, त्यात तो संस्थेचे नाव असलेल्या फलकाखाली चालला. आणि आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा माहितीपट पाहण्याचे आवाहन त्याने समाजमाध्यमावर केले. या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे आणि तो दूरदर्शनवरही दाखवला गेलेला आहे. सरकारी वाहिनीवर चालले ते संशोधकाच्या मोबाईलवर चालले नाही. १२ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भोगून झालेली शिक्षा पुरेशी मानली आणि त्याला पीएच.डी. पूर्ण करण्याची मुभा दिली. संशोधनाचे एक वर्ष मात्र गेले ते गेलेच.

कोलंबियाचे प्रकरण वेगळे आहे. तिथे काही ज्यू विद्यार्थ्यांनी छळाच्या आणि शिवीगाळीच्या तक्रारी केल्या होत्या. त्याच आंदोलनात काही ज्यू विद्यार्थी सामीलही होते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने ज्या दोन संघटनांना निलंबित केले, त्यांतली एक ज्यू विद्यार्थ्यांचीच होती. म्हणजे ज्यूंच्या संरक्षणाची भाषा करणाऱ्या नियमाचा फटका ज्यूंनाही बसला.

दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे. विद्यापीठात काय बोलता येते हे नियमाचे पुस्तक ठरवते, की पुस्तक ज्याच्या हातात आहे तो ठरवतो?

आमच्या तालुक्याला याचे काय?

काही मित्र विचारतील, लाखांदूरला बसून कोलंबियाची चिंता कशाला? आमच्याकडे धानाचा भाव, वैनगंगेचा पूर आणि शिष्यवृत्तीचे रखडलेले पैसे हेच प्रश्न मोठे आहेत. पण आमच्याच तालुक्यातून वडसा ओलांडून, साकोली गाठून पोरं-पोरी नागपूर, पुणे, मुंबईला शिकायला जातात. घरातली पहिली पिढी. निघताना आईबाप सांगतात, 'बाबू, तिथं कोणाच्या भानगडीत पडू नको.' या सांगण्यात भित्रेपणा नाही, हिशेब आहे. ज्याच्या बापाचे पुण्यात घर आहे, त्याला निलंबन म्हणजे सहा महिन्यांची सुट्टी. आमच्या पोराला निलंबन म्हणजे वसतिगृह गेले, शिष्यवृत्ती अडकली आणि परतीची एसटी. शिक्षा कागदावर सारखी असते, पडते मात्र वेगवेगळी.

आणि बोलणाऱ्यावर शिक्का कसा मारतात हे भंडारा जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय जाहीरपणे बोलून दाखवला. हत्येची तक्रार हळू चालली, निषेध करणाऱ्यांवरचा संशय मात्र धावत आला. विद्यापीठातही हीच चाल दिसते.

बाबासाहेबांचे गुरू आणि ज्यूद्वेष

कोलंबियात बाबासाहेबांना अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे ज्यू होते. त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन हे नामांकित बँकर. १८७७ साली साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलने त्यांना केवळ ज्यू म्हणून जागा नाकारली. अमेरिकेतील ज्यूद्वेषाच्या इतिहासात हा प्रसंग ठळकपणे नोंदला गेला आहे. बरोबर चाळीस वर्षांनी, १९१७ मध्ये, याच सेलिग्मनांचा विद्यार्थी परदेशातल्या पदव्या घेऊन बडोद्याला आला, तेव्हा त्याला अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी सराईतूनही त्याला हाकलले गेले. खिशात पैसा असला, हातात पदवी असली, तरी जन्म पाहून दार बंद करणारी वृत्ती जगभर सारखीच. बाबासाहेबांनी आपल्या एका ग्रंथाच्या शीर्षकात अस्पृश्यांना भारताच्या 'घेट्टो'ची मुले म्हटले. 'घेट्टो' हा शब्द मूळचा व्हेनिसमधल्या ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीचा. त्यांनी तो शब्द सहज उचललेला नाही.

याच सेलिग्मनांचे दुसरे काम आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. १९१५ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई, म्हणजे बाबासाहेबांचे दुसरे गुरू. शैक्षणिक स्वातंत्र्याची तत्त्वे ठरवणाऱ्या तिच्या समितीचे अध्यक्ष होते सेलिग्मन. प्राध्यापकाला काढायचे असेल तर आरोप लेखी आणि नेमके द्या, त्याची बाजू ऐका, निवाडा विद्वानांसमोर करा, असा त्या जाहीरनाम्याचा आग्रह होता. तो तयार होत होता तेव्हा बाबासाहेब त्याच विद्यापीठात एम.ए. करत होते.

दोनच वर्षांत त्या तत्त्वांची परीक्षा झाली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये कोलंबियाने कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना युद्धविरोधी भूमिकेमुळे काढून टाकले. तेव्हा इतिहासकार चार्ल्स बियर्ड यांनी राजीनामा दिला. बियर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते! काढलेल्या माणसांचे मत त्यांना मान्य नव्हते, पण मतासाठी नोकरी घेणे त्यांना त्याहून अमान्य होते. आपल्या माणसासाठी सगळेच भांडतात. तत्त्व कळते ते विरोधकाच्या वेळी.

लाहोरचे न झालेले भाषण

असाच बाणा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषण छापून तयार झाले. मजकूर पाहून मंडळ घाबरले आणि काही भाग गाळा म्हणू लागले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. मंडळाने परिषदच रद्द केली. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

इथवरचा इतिहास आमच्या तरुणांना तोंडपाठ आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. गांधींनी 'हरिजन'मध्ये या भाषणावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला उत्तर दिले. ज्याचे तोंड बंद केले गेले, त्यानेच विरोधकाला स्वतःच्या पुस्तकात जागा दिली. आपल्या युक्तिवादावर विश्वास असणारा माणूस हे करू शकतो. ज्याचा विश्वास नसतो तो परिषद रद्द करतो.

टीका कोणती, द्वेष कोणता?

म्हणजे काहीही बोललेले चालेल काय? नाही. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मण्य हा शत्रू सांगितला आणि त्याच वेळी स्पष्ट केले की ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मण्य, आणि तो कोणत्याही जातीत सापडतो. हा भेद म्हणजे आमच्या हातातली कसोटी आहे. व्यवस्थेवर, धर्मग्रंथावर, सरकारवर कितीही कठोर बोला, ती टीका. जन्मामुळे माणसाला हीन ठरवा, त्याला लक्ष्य करून धमकवा, वर्गातून, मेसमधून, खोलीतून हुसकवा, तो द्वेष. ॲट्रॉसिटी कायदाही लोकांदेखत एखाद्या माणसाला जातीवरून जाणूनबुजून अपमानित करणे हा गुन्हा मानतो. मनुस्मृतीवर टीका करणे हा गुन्हा नाही.

हीच कसोटी इस्रायलच्या प्रश्नाला लावा. इस्रायल सरकारच्या युद्धाला विरोध ही राजकीय भूमिका आहे. पण 'ज्यू म्हणजे असेच' म्हणणे, हिटलरने काम अर्धवट सोडले असे विनोद करणे, हा ज्यूद्वेष आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मिळते आणि शिस्तीचा पुरुष म्हणून त्याचे कौतुक करणारे तरुण भेटतात. साठ लाख ज्यूंना जन्मावरून मारणाऱ्याचे कौतुक आंबेडकरी तरुणाच्या तोंडी शोभत नाही. ज्याने जन्मावर माणूस मोजला तो मनूच्या पंगतीत बसतो.

शिवाय ज्यू म्हणजे कोणी लांबचे लोक नाहीत. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जायचे. त्यांतले अनेक इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने लग्नासाठी त्यांची वंशावळ तपासायचा फतवा काढला, तुम्ही खरे ज्यू आहात काय म्हणून! त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांचे पूर्ण समान स्थान जाहीर करावे लागले. स्वतः सोसलेला समाजही दुसऱ्याची वंशावळ विचारू लागतो. म्हणून पीडित कोण हे पाहून भागत नाही, वागणूक काय ती पाहावी लागते.

पायली मोठी, पायली लहान

आमच्या झाडीपट्टीत जुने लोक सांगतात की सावकाराकडे दोन पायल्या असत. धान घ्यायची मोठी आणि द्यायची लहान. दोन्ही पायल्याच. देशातल्या शिक्षणसंस्थांचे नियम याच मापाने चालताना दिसतात.

२०१५ मध्ये आयआयटी मद्रासच्या आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढली गेली. कारण? केंद्रीय मंत्रालयाकडे आलेले एक निनावी पत्र. देशभर गदारोळ झाल्यावर काही दिवसांत मान्यता परत द्यावी लागली. त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. वादाची सुरुवात एका माहितीपटाचे प्रदर्शन उधळल्याच्या निषेधातून झाली होती. त्यांना वसतिगृहातून काढले गेले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. या दोन प्रकरणांत तक्रार वरून आली आणि नियम धावत सुटला.

आता दुसरी पायली बघा. डॉ. पायल तडवी. जळगावकडची आदिवासी मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. छळाबद्दल आईने आधीच कळवले होते असे कुटुंब सांगत आले आहे. २२ मे २०१९ रोजी पायल गेली. निनावी पत्राची दखल घेणाऱ्या देशात आईच्या शब्दाला वजन मिळाले नाही. रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा यांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि मागणी काय? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम आधीच छापलेले आहेत, ते पाळा! पुढे आयोगाने १३ जानेवारी २०२६ रोजी नवे नियम काढले. गैरवापर होईल अशी ओरड झाली आणि २९ जानेवारीला न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. गैरवापराची भीती आम्हाला समजते. पण शिस्तीच्या नियमांचा आमच्या मुलांवर इतकी वर्षे जो वापर झाला, तेव्हा ही भीती कुठे होती?

मुंबईच्याच आयआयटीत २०२३ मध्ये मेसमधली काही टेबले शाकाहारींसाठी राखीव झाली. त्याचा निषेध करणाऱ्याला १०,००० रुपये दंड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे पॅलेस्टाईनवरचे प्राध्यापक अचिन वनाईक यांचे व्याख्यान रद्द झाले. वेगळे टेबल मांडणे ही 'व्यवस्था' आणि त्यावर बसून खाणे हा 'बेशिस्तपणा'. महाडच्या तळ्याचा वाद यापेक्षा फार वेगळा होता काय?

अमेरिकेतली सुनावणी

५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीने हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या प्रमुखांना विचारले, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे तुमच्या नियमांत बसते काय? त्यांचे उत्तर होते, संदर्भावर अवलंबून आहे. देशभर संताप उसळला. पेनसिल्व्हेनियाच्या प्रमुखांनी चार दिवसांत आणि हार्वर्डच्या प्रमुखांनी २ जानेवारी २०२४ रोजी पद सोडले.

आमच्या मते संदर्भ पाहणे चूक नव्हते. नुसता शब्द आणि माणसाला दिलेली धमकी यांत फरक असतोच. पण टीकाकारांचा एक प्रश्न बिनतोड होता: इतर वेळी साध्या शब्दांवर कारवाई करणाऱ्या संस्थांना संदर्भ नेमका आजच कसा आठवला? ज्याने कालपर्यंत दोन पायल्या वापरल्या, त्याच्या आजच्या खऱ्या मापावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ज्यूद्वेषाचे कारण पुढे करून कोलंबियाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान रोखले. जुलैमध्ये विद्यापीठाने २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन समझोता केला. विद्यापीठांनी स्वतः सरळ माप ठेवले नाही, म्हणून सत्तेला आपला तराजू आत आणायला निमित्त मिळाले. अल्पसंख्याकाच्या संरक्षणाचे नाव, आणि हातात सरकारची काठी.

'भावना दुखावल्या' हे दुधारी शस्त्र

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. राम-कृष्णावरील परिशिष्टाने भावना दुखावल्या म्हणून शिवसेनेसह अनेकांनी रान उठवले. सरकार तो भाग वगळायला तयार झाले होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि परिशिष्ट राहिले. सरकार या मतांशी सहमत असेलच असे नाही, एवढी टीप तेवढी जोडली गेली. टीप जोडा, पान फाडू नका, हा तोडगा आम्हाला आजही शहाणपणाचा वाटतो.

चोवीस वर्षांनी, मे २०१२ मध्ये, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. चित्राचा राग येणे स्वाभाविक होते आणि पुस्तकाचा फेरविचार मागणे हा हक्कच होता. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पण दुसऱ्या दिवशी काही कार्यकर्त्यांनी पुणे विद्यापीठात शिरून पळशीकरांचे कार्यालय फोडले. १९८८ मध्ये समोरच्यांच्या तोंडी जे वाक्य होते, तेच आता निळ्या झेंड्याखाली ऐकू आले: भावना दुखावल्या! ते वाक्य एकदा मान्य केले की उद्या 'रिडल्स'साठी कोणत्या तोंडाने भांडायचे?

काही मित्रांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. समाज विषम आहे, मग सारखा नियम हा वरच्यांच्याच सोयीचा नाही काय? संधीबाबत आणि संरक्षणाबाबत हा आक्षेप बरोबर आहे, म्हणून तर आरक्षण आहे, ॲट्रॉसिटी कायदा आहे. माणसाला लक्ष्य करणाऱ्या कृतीविरुद्ध दुर्बळाला जास्त संरक्षण हवेच. पण विचारावर बंदी घालण्याचा अधिकार कोणाच्या हातात जातो? कुलगुरूच्या, संचालकाच्या, मंत्रालयाच्या. त्या खुर्च्यांवर आपली माणसे किती आहेत ते मोजा. जी काठी आपल्या हातात कधी राहणार नाही, ती लांब करण्याची मागणी आपण का करावी?

मागणी काय करायची

म्हणून प्रत्येक महाविद्यालयात, मग ते लाखांदूरचे असो की मुंबईचे, आपल्या संघटनांनी चार गोष्टी लावून धराव्यात. कारवाईपूर्वी आरोप लेखी आणि नेमका द्या, निनावी पत्रावर शिक्षा नको. विद्यार्थ्याची बाजू ऐका आणि निर्णयाची कारणे लिहून द्या. जातीय छळाच्या तक्रारीला तीच मुदत लावा जी शिस्तभंगाच्या नोटिशीला लावता. आणि दरवर्षी जाहीर करा की भेदभावाच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, शिस्तभंगाच्या कारवाया किती झाल्या. संस्था आकडे देत नसेल तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये. मोर्चाइतकेच काम तो कागद करतो.

आणि एक सवय स्वतःला लावून घ्या. कोणत्याही बंदीचे स्वागत करण्यापूर्वी नावे उलटी करून बघा. बोलणारा आपला आणि खुर्चीवर विरोधक असता, तर हाच नियम मान्य केला असता काय? उत्तर 'नाही' आले तर तो नियम खोटी पायली आहे, आज ती आपल्या बाजूने भरत असली तरी. आणि आपल्या बाजूने ती फार दिवस भरत नाही.

जयभीम! जय संविधान!